सेंट हेलेना बेटावरचं पेन सेंटर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अटलांटा, शार्लट किंवा रॅलीत राहणारी मराठी कुटुंबं लाँग वीकेंडला चार्ल्स्टन, सॅव्हाना आणि हिल्टन हेडला हमखास जातात. भारतातून आई-वडील आले की तीच सहल पुन्हा होते. या तीन ठिकाणांच्या मधोमध साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर सेंट हेलेना नावाचं बेट आहे. तिथे पेन सेंटर आहे, मुक्त झालेल्या गुलामांसाठी निघालेल्या शाळेतून उभी राहिलेली संस्था. तिच्या आवारात यॉर्क डब्ल्यू. बेली म्युझियम आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वंशजांचा, म्हणजे गल्ला-गीची समाजाचा वारसा इथे जपलेला आहे, आणि तो त्याच समाजाने, स्वतःच्याच जमिनीवर जपलेला आहे.

म्युझियम छोटं आहे. मोठ्या शहरातल्या संग्रहालयाच्या अपेक्षेने आलेला माणूस वीस मिनिटांत बाहेर पडतो आणि "एवढंच?" म्हणतो. आतल्या वस्तूंचा अर्थ बाहेरच्या जमिनीशी, खाजणाशी आणि रस्त्यांशी जोडलेला आहे. म्हणून या ठिकाणासाठी अख्खा दिवस ठेवा आणि पुढच्या क्रमाने पाहा.

१. नकाशातले घोटाळे आधी सोडवा

जीपीएसमध्ये पूर्ण पत्ता टाका: १६ पेन सेंटर सर्कल वेस्ट, सेंट हेलेना आयलंड, साउथ कॅरोलायना २९९२०. नुसतं "सेंट हेलेना" टाकलं तर कॅलिफोर्नियातलं गाव पुढे येऊ शकतं.

बेटाजवळचं शहर ब्यूफर्ट. याच स्पेलिंगचं दुसरं शहर नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आहे आणि त्याचा उच्चार बोफर्ट असा होतो. दोन्ही जुनी, दोन्ही समुद्राकाठची. हॉटेल बुक करताना राज्याचं नाव दोनदा वाचा, कारण चूक झाली तर शेकडो मैलांचा फरक पडतो.

तिसरा घोटाळा हिल्टन हेडवाल्यांचा. नकाशात ते बेट सेंट हेलेनाच्या अगदी समोर दिसतं. पण मध्ये पोर्ट रॉयल साउंड ही रुंद खाडी आहे आणि तिच्यावर पूल नाही. ब्लफ्टनवरून वळसा घालून जावं लागतं. एक तासाहून जास्तच धरा.

इतर ठिकाणांहून साधारण अंदाज असा: सॅव्हानाहून सुमारे ५० मैल, चार्ल्स्टनहून सुमारे ७५ मैल. अटलांटाहून आय-७५, आय-१६ आणि मग आय-९५ने उत्तरेकडे यायचं. शार्लटहून आय-७७, आय-२६ आणि आय-९५ने दक्षिणेकडे. उत्तरेकडून येणाऱ्यांनी आय-९५चा ३३ नंबरचा एक्झिट घ्यावा. सॅव्हानाच्या बाजूने येणाऱ्यांनी ८ नंबरचा घेऊन पुढे १७० नंबरच्या रस्त्याने ब्यूफर्ट गाठावं.

गाडी हवीच. ॲमट्रॅकचं जवळचं स्टेशन येमासी, तेही अगदी लहान आणि बेटापासून लांब. ॲपवरची टॅक्सी ब्यूफर्टमधून जाताना मिळेलही, बेटावरून परत येताना मिळेलच असं नाही.

२. दिवस निवडा

मंगळवार ते शुक्रवार सर्वांत चांगले. रविवारी म्युझियम बंद असतं, आणि लाँग वीकेंडला आलेल्या बहुतेकांकडे नेमका रविवारच मोकळा असतो. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पेन सेंटरच्या वेबसाइटवर पाहा आणि फोनही करा. शाळेचा किंवा चर्चचा मोठा गट येणार असेल तर तेही फोनवरच कळतं. मग त्याआधीची किंवा नंतरची वेळ धरता येते.

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं, पण घाम मुंबईच्या मे महिन्यासारखा येतो. वादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्या काळात हॉटेल बुक करताना पैसे परत मिळणारा दरच घ्या.

नोव्हेंबरात पेन सेंटरचे हेरिटेज डेज भरतात: गाणी, मिरवणूक, जेवण, हस्तकला. लोक भेटतील, पण म्युझियम शांतपणे पाहता येणार नाही. ज्यांना वस्तू आणि फोटो नीट पाहायचे आहेत त्यांनी ते दिवस टाळावेत. ज्यांना गाणं ऐकायचं आहे त्यांनी मुद्दाम तेव्हाच जावं.

अजून एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ब्यूफर्टजवळच पॅरिस आयलंडला मरीन सैनिकांचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि वर्षातल्या बहुतेक शुक्रवारी तिथे दीक्षान्त संचलन असतं. देशभरातून पालक येतात, त्यामुळे बुधवार-गुरुवारची हॉटेलं भरतात आणि महागतात. खोली महिनाभर आधी घ्या, किंवा सोमवारची-मंगळवारची रात्र धरा.

३. निघण्याआधी एवढा इतिहास डोक्यात हवा

म्युझियममधल्या पाट्या तुम्हाला हे माहीत आहे असं धरून लिहिलेल्या आहेत. गाडीत बसल्या बसल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना, सांगून ठेवा.

या बेटांवर आधी नीळ पिकायची. १७९०पासून सी आयलंड कॉटन आला. हा लांब धाग्याचा, रेशमासारखा मऊ कापूस इथल्या मळेवाल्यांना प्रचंड श्रीमंत करून गेला. श्रम सगळे गुलामांचे. भाताची मोठी शेती इथे नव्हती, ती जवळच्या कोंबाही, ॲशेपू यांसारख्या गोड्या पाण्याच्या नद्यांकाठी होती. पण भात पिकवायचं ज्ञान असलेली माणसं पश्चिम आफ्रिकेच्या तांदूळ पिकवणाऱ्या किनाऱ्यावरून मुद्दाम आणली जात. म्हणून बेटावरच्या घराघरांत भाताची भांडी, टोपल्या आणि उखळं होती.

अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांविरुद्ध उत्तरेतली राज्यं लढत होती. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयल साउंडमधले किल्ले तोफा डागून घेतले. मळ्यांचे गोरे मालक पळाले. मागे राहिले सुमारे दहा हजार गुलाम. यादवी युद्ध संपायला अजून साडेतीन वर्षं होती, मुक्तीची घोषणाही झाली नव्हती. तरी इथे शाळा, मजुरी आणि जमिनीची मालकी सुरू झाली. यालाच पोर्ट रॉयल एक्सपेरिमेंट म्हणतात.

१८६२मध्ये फिलाडेल्फियाहून लॉरा टाउन आली. तिने होमिओपॅथीचं शिक्षण घेतलेलं होतं. पाठोपाठ तिची मैत्रीण एलन मरी आली. त्या जूनमध्ये ओक्स नावाच्या मळ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत शाळा सुरू झाली, तीच पुढे पेन स्कूल. ऑक्टोबरात शार्लट फोर्टन ही उत्तरेतली स्वतंत्र कृष्णवर्णीय शिक्षिका रुजू झाली. टाउन १९०१मध्ये वारली, ती बेटावरच. त्यानंतर शाळेत शेती, सुतारकी, टोपल्या विणणं असं हातांचं शिक्षण वाढलं. १९४८मध्ये शाळा बंद झाली आणि संस्था समाजकार्याकडे वळली.

सर्वांत महत्त्वाचा भाग जमिनीचा. पळालेल्या मालकांनी कर भरला नाही म्हणून सरकारने मळे जप्त करून विकले, आणि मुक्त झालेल्या अनेकांनी छोटे तुकडे रीतसर विकत घेतले. १८६५मध्ये उत्तरेच्या सैन्याचा सेनापती जनरल शेर्मन याच्या आदेशाने किनाऱ्यावर इतरत्र वाटलेली जमीन राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी जुन्या मालकांना परत केली. सेंट हेलेनावर करविक्रीत घेतलेली जमीन मात्र लोकांकडे राहिली. शेजारच्या हिल्टन हेडवर आज गोल्फ कोर्स आहेत आणि इथे भाजीचे मळे, त्याची मुळं या फरकात आहेत.

४. सोबत काय घ्यायचं

फोटो असलेलं ओळखपत्र. भाड्याची गाडी असेल तर तिचे कागद. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी पासपोर्ट आणि आय-९४ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची) प्रत. थोडी रोख रक्कम, कारण रस्त्यावरच्या टपऱ्या आणि विणकर कार्ड घेतीलच असं नाही. ऑफलाइन नकाशा. प्रत्येकी एक लिटर पाणी. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट.

डासांचं औषध विसरू नका. वसंतात आणि शरदात इथे नो-सी-अम नावाची चिलटं असतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. ती पहाटे, संध्याकाळी आणि वारा पडल्यावर चावतात, आणि खाज दोन-तीन दिवस राहते. औषध गाडीतून उतरण्याआधी लावा. गवतात लाल मुंग्यांची वारुळं असतात. भुसभुशीत मातीचा ढीग दिसला की मुलांना बाजूला घ्या.

५. सुरुवात ब्यूफर्टमधून करा

थेट बेटावर जाऊ नका. ब्यूफर्टच्या क्रेवन स्ट्रीटवर जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत रिकन्स्ट्रक्शन एरा (म्हणजे यादवी युद्धानंतरच्या पुनर्बांधणीचा काळ) नॅशनल हिस्टॉरिकल पार्कचं माहिती केंद्र आहे. २०१७मध्ये ओबामांनी हे राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं, २०१९मध्ये त्याला आजचा दर्जा मिळाला. प्रवेश मोफत. रेंजरना विचारा: "आज पेन सेंटरच्या आवारात डॅरा हॉल उघडा आहे का? तिथे कुणी बोलणार आहे का?" डॅरा हॉल राष्ट्रीय उद्यानाकडे आहे, म्युझियम पेन सेंटरकडे. एकाच आवारात दोन संस्था, दोन वेळापत्रकं. हे न कळल्यामुळे अर्धी माणसं एका दारावरून परत फिरतात. म्युझियमचं तिकीट वेगळं असतं आणि राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही.

शहरात तासभर असेल तर क्रेवन स्ट्रीटवरच्याच टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात जा. तिथे रॉबर्ट स्मॉल्सची समाधी आहे. १८३९मध्ये ब्यूफर्टमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस. १३ मे १८६२च्या पहाटे चार्ल्स्टन बंदरातून त्याने प्लँटर ही दक्षिणेच्या सैन्याची बोट पळवली, कप्तानाची टोपी घालून आणि योग्य इशारे देत किल्ल्यांच्या तोफांसमोरून नेली, आणि आपल्या कुटुंबासह अनेकांना मुक्त केलं. पुढे तो अमेरिकी संसदेत निवडून गेला, आणि ज्या घरात तो गुलाम होता तेच घर त्याने विकत घेतलं. प्रिन्स स्ट्रीटवरचं ते घर खासगी आहे. रस्त्यावरून पाहा, फाटक उघडू नका.

६. पूल ओलांडताना

शहरातून लेडीज आयलंडला जाणारा वुड्स मेमोरियल हा फिरता पूल आहे. बोट आली की पूल वळतो आणि गाड्या थांबतात. म्युझियमची वेळ गाठायची असेल तर पोर्ट रॉयलच्या बाजूचा उंच मॅकटीर पूल घ्या, तो कधीच उघडत नाही. बेटाला जोडणारा पहिला पूल १९२७चा. त्याआधी होडी हाच मार्ग होता. इथली भाषा आणि चालीरीती टिकण्यामागे या एकटेपणाचा मोठा हात आहे.

वाटेत दोन्ही बाजूंना खाजण पसरलेलं दिसेल. भरती-ओहोटीत इथे पाण्याची पातळी दोन मीटरहून जास्त चढते-उतरते. ओहोटीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो कुजणाऱ्या गवतातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूचा. फोटोसाठी चिखलात उतरू नका. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि आत कालवांच्या धारदार शिंपा असतात.

सी आयलंड पार्कवेने पुढे कॉर्नर्स नावाच्या चौकात उजवीकडे मार्टिन लूथर किंग ज्युनियर ड्राइव्हवर वळा. सुमारे मैलभरावर पेन सेंटर.

७. म्युझियमच्या आत

यॉर्क बेली हा पेन स्कूलचाच विद्यार्थी, डॉक्टर होऊन बेटावर परत आलेला. नाव त्याचं का दिलं हे दारातच मुलांना सांगा. फोटो काढता येतील का हे आत शिरताना विचारा. माहितीपट दाखवत असतील तर तो आधी पाहा.

दीड तास द्या आणि पुढील गोष्टींपाशी थांबा.

मिनरचे फोटो. ली रिचमंड मिनर या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटावरच्या लोकांचे काचेच्या प्लेटवर फोटो काढले. हात पाहा, पायातल्या वहाणा पाहा, मागचं घर पाहा. बहुतेक फोटोंतली माणसं कॅमेऱ्यासमोर ताठ उभी नाहीत, काम करत आहेत. जाळं विणणारा, भात कांडणाऱ्या बाया, बैल जुंपलेली गाडी. नंतर वस्तूंच्या कपाटात तीच जाळी, तेच मुसळ दिसलं की त्या वस्तू कशा धरल्या जात हे कळलेलं असतं. म्हणून फोटो आधी, वस्तू नंतर.

टोपल्या. चार्ल्स्टनच्या बाजारात दिसतात त्या नाजूक, सोनेरी स्वीटग्रासच्या, म्हणजे एका सुगंधी गवताच्या. सेंट हेलेनाची परंपरा जाड लव्हाळ्याच्या दणकट टोपल्यांची, शेतकामाची, आणि त्या प्रामुख्याने पुरुष विणत. पेन स्कूलमध्ये हे काम मुलांना शिकवलं जाई. पसरट, बुटक्या काठाची मोठी टोपली दिसली की समजा ती भात पाखडायची. वीण पाहा: गवताची जुडी गोल गोल फिरवत नेतात आणि पामेटोच्या (ताडासारख्या झाडाच्या) पानाच्या पट्टीने शिवतात. सुई नसते. टोचणीने भोक पाडून पट्टी ओवतात, आणि त्यासाठी बहुधा चमच्याचा घासून टोकदार केलेला दांडा वापरतात.

उखळ आणि मुसळ. झाडाच्या खोडातून कोरलेलं उभं उखळ, दोन्ही टोकं वापरता येतील असं मुसळ. एका टोकाने साळीचं टरफल निघतं, दुसऱ्याने तांदूळ सडला जातो.

जाळी. हाताने गोल फेकायचं जाळं, म्हणजे कोकणात ज्याला पाग म्हणतात ते. काठाला शिशाची वजनं. कोळंबी आणि मुलेट मासा धरायला अजूनही वापरतात.

कापसाची अवजारं आणि शाळेच्या वह्या. सी आयलंड कॉटन १९२०च्या सुमारास संपला, बोंडात अंडी घालणाऱ्या भुंग्याने तो संपवला. त्याआधी २७ ऑगस्ट १८९३च्या वादळाने बेटं उद्ध्वस्त केली होती. दोन हजारांच्या आसपास माणसं गेली आणि क्लारा बार्टनच्या रेडक्रॉसने इथे महिनोन्‌महिने मदत केली. विदर्भातल्या माणसाने हा कापसाचा भाग घाईत पाहू नये.

भाषा. गल्ला ही स्वतंत्र भाषा आहे: शब्दसाठा बराचसा इंग्रजी, वाक्यरचना आणि अनेक शब्द आफ्रिकी. लोरेन्झो डाउ टर्नर या भाषाशास्त्रज्ञाने १९४९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दाखवून दिलं. तोपर्यंत तिला बिघडलेली इंग्रजी समजत. २००५मध्ये बायबलचा नवा करार गल्लात आला. म्युझियममधल्या कुणी काही वाक्यं म्हणून दाखवली तर ऐका, पण "बोलून दाखवा ना" असा आग्रह कुणालाही करू नका. शाळेत याच बोलीवरून हिणवली गेलेली पिढी अजून हयात आहे.

सिएरा लिओनचे फोटो. १९८८मध्ये त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ मोमो पेन सेंटरला आले होते. पुढच्या वर्षी इथली मंडळी तिकडे गेली. टोपल्या, भात, गाणी यांतलं साम्य दोन्ही बाजूंनी ओळखलं.

मुलांसोबत बोलताना "गुलाम होते" यापेक्षा "गुलाम केलं गेलं होतं" असं म्हणा. इथले मार्गदर्शकही इंग्रजीत हाच फरक पाळतात.

८. आवारात आणि विटांच्या चर्चमध्ये

आवार ५० एकरांचं. १९७४पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. ओकच्या झाडांवरून राखाडी स्पॅनिश मॉस लोंबत असतं. जमिनीवर पडलेलं मॉस उचलून मुलांच्या गळ्यात घालू नका, त्यात चावणारे बारीक किडे असतात. पायवाटा सपाट आहेत, पण मुळं आणि वाळू खूप. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, व्हीलचेअर असेल तर म्युझियममध्ये विचारून गाडी जवळच्या इमारतीपर्यंत न्यावी.

गँट कॉटेज पाहा, बाहेरून. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेत काळे-गोरे एकत्र राहून बैठक घेऊ शकतील अशा जागा मोजक्याच होत्या. पेन सेंटर त्यांतलं एक. १९६०च्या दशकात मार्टिन लूथर किंग आणि त्यांच्या संघटनेची शिबिरं इथे झाली आणि किंग या साध्या घरात उतरत. डॅरा हॉल १९०३चा, आवारातली सर्वांत जुनी उभी इमारत.

रस्त्यालगत ब्रिक बॅप्टिस्ट चर्च. १८५५मध्ये गुलामांनीच बांधलं, गोऱ्या मळेवाल्यांसाठी. बांधणाऱ्यांना वर माडीवर बसावं लागे. १८६१मध्ये मालक पळाले आणि चर्च बांधणाऱ्यांचं झालं. काही काळ पेन स्कूल इथेच भरायचं. आजही इथे दर रविवारी प्रार्थना होते. दार बंद असेल तर ढकलू नका. उघडं असेल आणि आत कुणी असेल तर विचारून आत जा, टोपी काढा आणि वर माडीकडे पाहा.

९. त्याच रस्त्याने पुढे

चॅपल ऑफ ईझचे अवशेष काही मिनिटांवर आहेत. अठराव्या शतकाच्या मध्याचं हे चर्च टॅबीचं: कालवांच्या शिंपा भाजून केलेला चुना, वाळू, पाणी आणि अख्ख्या शिंपा लाकडी साच्यात ओतून उभारलेल्या भिंती. १८८६च्या वणव्यात ते जळालं. भिंतीतल्या शिंपा हाताने उपटू नका. एक निघाली की पावसाचं पाणी आत शिरतं आणि आजूबाजूच्याही सुटतात.

बेटावर प्रेझ हाउस नावाच्या लहानशा लाकडी खोल्या उरल्या आहेत, एखाद्या पडवीएवढ्या. मळ्यांवर गुलामांना प्रार्थनेसाठी मिळालेली जागा तेवढीच होती. तिथेच ते गोलाकार फिरत, पाय आपटत रिंग शाउट करत. रस्त्यावरूनच पाहा.

कबरस्तानात कबरींवर शिंपले, कपबश्या, घड्याळं ठेवलेली दिसतात. तो कचरा नाही. मृताने वापरलेल्या शेवटच्या वस्तू तिथे ठेवण्याची रीत आहे. हात लावू नका.

कच्च्या रस्त्यांवर गाडी घालून "खरं गाव" शोधायला जाऊ नका. घरांभोवती कुंपण नसलं तरी ती खासगी जागा आहे. इथली बरीच जमीन मृत्युपत्राविना पिढ्यान्‌पिढ्या वारसांच्या सामायिक मालकीत आलेली आहे. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर वीस नावं असतात तसं. अडचण अशी की त्यांतला एखादा दूरचा वारस फोडून बिल्डर न्यायालयातून सगळी जमीन विकायला लावू शकतो, आणि किनाऱ्यावर असं पुष्कळ ठिकाणी झालं आहे. सेंट हेलेनावर काउंटीने १९९९मध्ये खास नियम केला: फाटकबंद वसाहती, रिसॉर्ट आणि गोल्फ कोर्स यांना बंदी. २०२३मध्ये त्याला सूट मागितली गेली तेव्हा लोकांनी सभागृहं भरून विरोध केला आणि नियम टिकला. अनोळखी गाडीतून कुणी उतरून घरांचे फोटो काढू लागलं की लोक सावध का होतात, ते यावरून कळेल.

१०. जेवणाचं

मासे खाणाऱ्यांची चंगळ. कोळंबी, निळे खेकडे, थंडीच्या महिन्यांत कालवं. फ्रॉगमोर स्ट्यू हे नाव याच बेटावरच्या फ्रॉगमोर वस्तीचं: कोळंबी, मक्याची कणसं, बटाटे आणि सॉसेज एकत्र उकडलेले. सॉसेज पोर्कचं असतं, नको असेल तर आधी सांगा.

शाकाहाऱ्यांनी भाजीच्या नावावर विसंबू नये. लाल भात टोमॅटोचा दिसतो, पण बहुधा बेकन किंवा सॉसेज घालून शिजवतात. कॉलर्ड ही पालेभाजी स्मोक्ड पोर्क किंवा टर्कीसोबत तासभर शिजते. भेंडीच्या सूपात कोळंबी किंवा मांस. चवळी-भाताच्या हॉपिन जॉनमध्येही तेच. "व्हेजिटेरियन आहे का?" असं विचारलं तर "हो, भाजीच आहे" असं प्रामाणिक उत्तर येतं. म्हणून नेमकं विचारा: "यात पोर्क, बेकन, टर्की किंवा चिकन स्टॉक आहे का?" खात्रीने चालणारं थोडंच: चीज ग्रिट्स (मक्याच्या शिजवलेल्या कण्या), रताळी, कच्चे टोमॅटो, मोसमात कलिंगड. धपाटे आणि दशम्या सोबत असलेल्या बऱ्या.

रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, मिठाच्या पाण्यात कित्येक तास शिजवलेल्या. साध्या मिठाच्या मागा, कारण काही ठिकाणी हॅम घालूनही उकडतात.

बेटावर खाण्याची ठिकाणं मोजकी आहेत आणि त्यांतली काही दुपारीच बंद होतात. दीडच्या आत जेवा किंवा ब्यूफर्टला परत जा.

११. टोपली विकत घेताना

भाव करू नका. तळहाताएवढ्या टोपलीलाही काही तास जातात, आणि त्याआधी गवत कापायला, वाळवायला वेळ जातो. गवताच्या किनारी जागा खासगी वसाहतींच्या फाटकाआड गेल्याने ते मिळवणंच अवघड झालं आहे. लहान वस्तूची किंमत डॉलरच्या दोन आकड्यांत, मोठ्या टोपलीची शेकड्यांत.

अस्सल ओळखायची तर विणणाऱ्याकडूनच घ्या, किंवा त्याचं नाव सांगता येईल अशा दुकानातून. पट्टी पामेटोची हवी, वेटोळी घट्ट, टाके सारख्या अंतरावर, तळ टेबलावर डळमळू नये. सुरुवातीची गाठ मध्यभागी पाहा, ती सैल असेल तर पुढे सगळं सुटतं. परदेशी बनावटीच्या दिसायला तशाच टोपल्या पर्यटकांच्या दुकानांत स्वस्तात मिळतात. त्या हलक्या आणि मोकळ्या विणीच्या असतात.

भारतात न्यायची असेल तर केबिन बॅगेत, आत कपडे भरून. बंद प्लास्टिकमध्ये ठेवू नका, दमट हवेत बुरशी धरते. धूळ बसली तर थंड पाण्यात सौम्य साबणाने अलगद धुऊन सावलीत पूर्ण वाळवा.

१२. म्युझियम बंद निघालं तर

वादळाचा इशारा, स्थानिक अंत्यविधी, कर्मचारी कमी अशा कारणांनी ऐनवेळी दार बंद असू शकतं. मग आवार, ब्रिक चर्च आणि चॅपल बाहेरून पाहा. त्याच रस्त्याच्या टोकाला लँड्स एंडला १८९९चा फोर्ट फ्रेमाँट आहे. तिथून ज्या खाडीत १८६१चं आरमार शिरलं ती पोर्ट रॉयल साउंड समोर दिसते. परत ब्यूफर्टच्या माहिती केंद्रात जाऊन रेंजरशी बोला. मुक्काम चार्ल्स्टनला असेल तर दुसऱ्या दिवशी गॅड्सडेन्स व्हार्फवरच्या इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियममध्ये जा. ते जून २०२३मध्ये उघडलं आणि तिथे गल्ला-गीची समाजावर स्वतंत्र दालन आहे. तिकीट वेळेनुसार असतं, म्हणून आदल्या रात्रीच ऑनलाइन घ्या.